भरतीचे बेट: ख्रिस्ती मनुष्याने किती वेगळे राहावे?



खेड्यातील एका उपदेशकाने काही दिवसांपूर्वी आम्हांस एक प्रश्न विचारिला. तो म्हणाला, “पाळकसाहेब, माझ्या भावाच्या मुलीचे लग्न आहे. भाऊ अजून जुन्या धर्मात आहे. हळद, देवक, सत्यनारायण सगळे होणार. मी गेलो तर मंडळीतले लोक म्हणतील, उपदेशक मागे फिरला. न गेलो तर माझी म्हातारी आई म्हणेल, येशूने माझा मुलगा नेला. मी काय करावे?”

हा प्रश्न त्या एकट्या उपदेशकाचा नाही. ज्या गावात ख्रिस्ती मंडळीची दहापंधराच घरे आहेत, त्या प्रत्येक गावात तो वर्षातून चार वेळा उभा राहतो: कधी लग्नात, कधी मयतीत, कधी जत्रेच्या दिवशी, कधी आजाऱ्याच्या खाटेपाशी. ख्रिस्ताचे म्हणून जे लोक निराळे झाले, त्यांनी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांपासून किती निराळे व्हावे? वेगळे झाले नाही तर विश्वास विरघळून जाईल अशी भीती. फार वेगळे झाले तर प्रीती सुकून जाईल अशी भीती. या दोन भीतींच्या मध्ये आमचा ग्रामीण ख्रिस्ती बंधू उभा असतो. या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांस वसईच्या खाडीकाठी सुचले, आणि उरलेले अर्धे आमच्याच एका जुन्या चुकीने शिकविले. ते दोन्ही येथे वाचकांपुढे ठेवितो.

वसई हे मुळात बेटच होय. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची रुंद खाडी, आणि पूर्वेच्या अंगास सोपाऱ्याची खाडी. आज पूल, भराव व रेल्वे यांमुळे ते बेटपण डोळ्यांस दिसत नाही, पण भरतीस ते अजून आठवते. तेथील कोळी बांधवांस हे सांगावयास नको. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग असते. भरती दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते, आणि रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. ज्याला हे कळत नाही त्याची होडी चिखलात बसते.

या बेटाच्या दक्षिण टोकाशी, खाडीच्या तोंडावर, वसईचा किल्ला आहे. त्याच्या तटाच्या आत एक संपूर्ण ओसाड शहर पडले आहे. छप्पर नसलेल्या मंदिरांच्या उंच भिंती, कमानी, मनोरे, फरसबंदीत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा आणि त्यांवर रोमी लिपीतील नावे. सेंट जोसेफचे मंदिर, येशूसंघीयांचे मंदिर, फ्रान्सिस्कन व डोमिनिकन संन्याशांची मंदिरे, अशी कितीतरी. दगडांच्या सांध्यांतून वडपिंपळाची मुळे शिरली आहेत. जेथे शेकडो लोक गुडघे टेकीत होते तेथे आता गवत वाढते. पुरातत्त्व खाते त्या जागेची राखण करिते, आणि प्रवासी लोक पाहून परत जातात.

आमच्यासारख्या मिशनच्या पाळकास अशा जागी एक मोह होतो. तो असा, की या पडक्या भिंतींकडे बोट दाखवून म्हणावे, “पाहा, रोमी मंडळीचा डौल कसा धुळीस मिळाला!” वाचकहो, हा मोह आम्ही सोडून दिला आहे, का, ते पुढे कळेल. अगोदर दूर देशातील एका बेटाची गोष्ट सांगतो, म्हणजे वसईची गोष्ट अधिक नीट समजेल.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यास लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. ते खरोखर भरतीचे बेट आहे. ओहोटीच्या वेळी वाळूतून चालत तेथे जाता येते. भरती आली की वाट बुडते आणि बेट तुटून पडते. इसवी सन ६३५ मध्ये एडन नावाचा संन्यासी आयोना बेटावरून तेथे आला आणि त्या राज्याचा राजा ऑस्वाल्ड याच्या साह्याने त्याने तेथे मठ स्थापिला. त्या बेटाच्या अगदी लगत आणखी एक चिमुकले बेट आहे. त्याच्यावर वस्ती नाही. एका लहान प्रार्थनामंदिराचा पाया व एक क्रूस, एवढेच तेथे आहे. त्यास कथबर्टचे बेट म्हणतात.

कथबर्ट हा त्या मठाचा मुख्य होता. तरुणपणी तो डोंगरातील दूरदूरच्या पाड्यांवर जात असे. जेथे दुसरे उपदेशक जाण्यास कचरत, तेथे तो दिवसचे दिवस राहून गरिबांस शिकवी. पण त्याच्या मनास एकांताची ओढ होती. म्हणून मठातील गजबजीतून निघून तो प्रथम जवळच्याच एका एकांत जागी राहू लागला. ती जागा हेच चिमुकले बेट असे मानितात. पुढे तेवढा एकांतही पुरेना, म्हणून ६७६ च्या सुमारास तो समुद्रात आणखी आत असलेल्या फार्न बेटावर एकटा जाऊन राहिला. ते मात्र भरतीचे बेट नाही; तेथे ओहोटीतही पायवाट उघडी पडत नाही.

मग काय झाले? लोकांस त्याची गरज पडली. बिशपाच्या कामासाठी त्याची निवड झाली, पण तो बेट सोडीना. शेवटी राजा एग्फ्रिथ स्वतः काही लोकांस घेऊन होडीने तेथे गेला, सर्वांनी विनवणी केली, तेव्हा तो रडत रडत बाहेर आला. ६८५ मध्ये तो बिशप झाला, गावोगाव फिरला, आजाऱ्यांस भेटला; आणि शक्ती संपत आली असे दिसताच परत आपल्या बेटावर जाऊन ६८७ मध्ये मरण पावला.

या गोष्टीत आम्हांस जे महत्त्वाचे वाटते ते असे. कथबर्टची आठवण त्याच्या एकांतामुळे टिकली, की त्याच्या परत येण्यामुळे? आमच्या मते दोहोंमुळे. एकांत नसता तर तो लोकांस देण्यास रिकाम्या हातांनी आला असता. परत येणे नसते तर त्याचा एकांत त्याच्या एकट्याचीच मालमत्ता ठरला असता. आपला प्रभू रात्र डोंगरावर प्रार्थनेत घालवी आणि सकाळी खाली लोकांत येई, हे शुभवर्तमानांत वारंवार वाचतो. रात्री भरती, सकाळी ओहोटी. पाण्याने वेढलेले बेट आणि चालत येण्याजोगी वाट, ही दोन्ही त्याच्या एका दिवसात होती.

आता वसईकडे परत वळू. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांस दिली, आणि पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या हाती राहिली. त्यांनी खाडीच्या तोंडाशी भक्कम तट बांधिला. आतल्या शहरात श्रीमंत पोर्तुगीज घराण्यांचे वाडे, मठ, मंदिरे व इस्पितळ होते. रात्री त्या शहरात झोपण्याची मोकळीक ख्रिस्ती लोकांसच होती, आणि देशी कारागिरांस रात्र पडण्यापूर्वी बाहेर जावे लागे, असे ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. ज्या गवंड्याने दिवसभर मंदिराचा दगड घडविला, त्याने संध्याकाळी वेशीबाहेर निघावयाचे! बाहेरच्या मुलखात त्याच सत्तेने देवळे पाडिली आणि धर्माच्या कामी जबरदस्ती केली, हेही इतिहासात नमूद आहे. ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांच्या हातून झालेले ते अन्याय आम्ही झाकू इच्छीत नाही. ज्या प्रभूने दाराशी उभे राहून ठोकावे असे सांगितले, त्याच्या नावाने दार मोडणे हे पापच होय.

हे शहर म्हणजे असे बेट होते, की ज्याच्यावरून भरती कधी उतरतच नाही. बाहेरच्यांसाठी वाट उघडी पडे ती फक्त चाकरीच्या वेळेपुरती.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने मोठ्या लढाईनंतर किल्ला घेतला. तहाच्या अटींप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी जहाजांत बसून निघून गेली. मंदिरांतील घंटा मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून नेल्या, आणि त्यांतील काही आजही देवळांत टांगलेल्या आहेत. नाशिकास गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळातील मोठी घंटा प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. कोणी ख्रिस्ती बंधूंनी ती पाहून मनात राग धरू नये. ज्या सत्तेने दुसऱ्यांची देवळे पाडिली तिच्या घंटा दुसऱ्यांच्या देवळांत गेल्या, यात रागावण्याजोगे थोडे आणि शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

त्यानंतर किल्ला ओस पडत गेला. त्याची कारणे लढाई, राज्यक्रांती, व्यापाराचे मुंबईस जाणे, अशी पुष्कळ आहेत. देवाने अमुकाचा निवाडा केला असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही एवढेच पाहतो, की तट पडल्यावर मागे काय उरले.

जे उरले ते तटाच्या बाहेरचे होते! पापडी, सांडोर, नंदाखाल, निर्मळ, आगाशी, गास, भुईगाव या गावांतून बागाईत करणारे, केळी व फुले पिकविणारे, मासे धरणारे जे ख्रिस्ती लोक शेजाऱ्यांच्या भिंतीस भिंत लावून राहत होते, ते राहिले. राजा गेला, तोफा गेल्या, वाडे गेले. तरी ते सकाळी उठून रहाटाने पाणी काढीत, विहिरीवर आपल्या हिंदू शेजाऱ्यांशी बोलत आणि रविवारी प्रार्थनेस जात. त्यांची बोली शेजाऱ्यांचीच राहिली. सामवेदी व वाडवळी या बोली आजही त्यांच्या घरांत ऐकू येतात. त्यांच्या वृद्ध स्त्रियांचे लाल लुगडे पाहून कोणीही म्हणेल की ही याच मातीची लेक आहे. १९९८ पासून तेथे त्यांचा स्वतंत्र वसई धर्मप्रांत आहे. त्यांच्यातूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखे मराठीचे लेखक निघाले, ज्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये ते देवाघरी गेले, तेव्हा त्यांच्यासाठी केवळ ख्रिस्तीच लोक हळहळले असे नाही.

आमची शिकवण आणि त्या बंधूंची शिकवण यांत काही गोष्टींत भेद आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु जेथे शिकण्याजोगे आहे तेथे शिकावे. आत मजबूत तट बांधलेले शहर ओसाड झाले, आणि उघड्यावर, शेजाऱ्यांच्या मध्ये राहिलेला विश्वास जगला, हे वसईच्या मातीत कोणासही दिसते.

तरी येथे घाई करू नये. कोणी म्हणेल, “मग वेगळेपण नकोच, सगळ्यांत मिसळून जावे.” तसे नाही. त्याच तटाच्या आतल्या मठांतून शिकलेले पाद्री गावोगाव हिंडले नसते, तर बाहेरच्या लोकांस प्रार्थना कोणी शिकविली असती? आणि त्या गावांतील लोक शेजाऱ्यांशी बोलत असले तरी रविवारी ते बाजूस होत, लेकरांस आपला विश्वास शिकवीत, आपला क्रूस दाराशी उभा ठेवीत. पूर्ण मिसळलेले पाणी परत निराळे काढता येत नाही.

याहून जुनी एक गोष्ट याच मुलखातील आहे. पोर्तुगीज येण्याच्या दोनशे वर्षे अगोदर, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन संन्यासी चीनकडे जात असता ठाण्यास उतरले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस अशी त्यांची नावे. त्यांच्या मागोमाग त्या बाजूस फिरलेला ओडोरिक नावाचा प्रवासी लिहितो, की ठाण्यात तेव्हा नेस्तोरी पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, आणि त्यांतल्याच एका घरात हे पाहुणे उतरले. त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले, ते चावडीवर गेले, पाहुण्यांस साक्षीस बोलाविले, तेथे धर्माचा वाद निघाला, आणि अखेर ते चौघे मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांची प्रेते सोपाऱ्यास नेऊन पुरिली.

पंधरा घरे! वाचकहो, आमच्या पुष्कळ मंडळ्या एवढ्याच आहेत. त्या पंधरा घरांच्या नावाचा मनोरा किंवा घंटा आम्हांस कोणी दाखवीत नाही. सातशे वर्षांच्या इतिहासात त्यांची मुख्य आठवण उरली ती ही, की त्यांनी परक्या वाटसरूंस घरात घेतले, आणि त्यांच्या घरातही नवराबायको भांडत. किती आमच्यासारखेच लोक! वसईच्या श्रीमंतांनी आपली नावे शिळेवर कोरून ठेविली, तरी ती आता शेवाळाने झाकत चालली आहेत. आणि या पंधरा घरांनी दार उघडले, ते मात्र अजून वाचले जाते.

आता आम्ही आमच्याकडे वळतो, कारण दुसऱ्यांच्या तटाविषयी बोलणे सोपे असते. आमच्या मिशनांनीही तट बांधिले. त्यांस आवार म्हणत. बाप्तिस्म्यामुळे जो घरातून घालविला गेला, ज्याचे पाणी तोडिले, ज्याच्या अंगावर लोक धावून आले, त्यास आश्रय हवा होता. आवार हे त्याच्यासाठी दयेचे काम होते, आणि त्यातून कित्येक पोरक्यांस अन्न व अक्षर मिळाले. परंतु आश्रयाची जागा हळूहळू कायमची वस्ती झाली. आवारातल्या मुलास वेशीतल्या मुलाचे नाव माहीत नसे. बोलण्यात, पेहरावात, गाण्याच्या चालीत आम्ही परके दिसू लागलो, आणि परके दिसणे म्हणजेच पवित्र होणे असे काहींस वाटू लागले.

याविरुद्ध ज्यांचे अंतःकरण तळमळले त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक हे एक होत. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईस झाला, आणि त्या एका पावलाने त्यांचा संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या आपले सोवळे सांभाळून पतीजवळ आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही सर्व हकिकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात मोठ्या मोकळेपणाने लिहिली आहे. वेगळे होण्याची किंमत टिळकांइतकी थोड्यांनीच मोजिली असेल. तरीही त्यांनी अभंग, भजन, कीर्तन ही आपल्या लोकांची वाट सोडिली नाही. आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, की ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व भक्त एकत्र बसावे. जो सर्वांहून अधिक तुटला होता, त्यानेच वाट उघडी ठेविली. त्यांच्या प्रत्येक मताशी वाचक सहमत असोत वा नसोत, त्यांची तळमळ ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आणखी एक तट आम्ही बांधितो, तो मंडळीच्या आत. जुनी जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली असे आम्ही म्हणतो, आणि सोयरीक करावयाची वेळ आली की ती पुन्हा वर येते. बाहेरच्या शेजाऱ्यापासून विश्वासासाठी वेगळे, आणि आतल्या भावापासून जातीसाठी वेगळे. मग आपण ख्रिस्ताच्या कोणत्या बेटावर राहतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता ती चूक सांगावयाची राहिली. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो तेव्हा आमच्या मंडळीत एका तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्याचा बाप लहानपणीच वारलेला. चुलत्याने त्यास वाढविले होते. काही महिन्यांनी चुलता आजारी पडला. घरच्यांनी भगतास बोलाविले, धूप जाळिला, नारळ फोडिला. तरुण आमच्याकडे येऊन म्हणाला, “चुलता बोलावतो आहे. जाऊ का?” आम्ही त्यास उजेड आणि अंधार यांविषयीचे वचन काढून दाखविले, आणि सांगितले की भगत त्या घरात आहे तोवर तू पाऊल टाकू नकोस. त्याने आमचे ऐकिले. तिसऱ्या दिवशी चुलता वारला. मयतीस तो गेला, तेव्हा भाऊबंदांनी त्यास जवळ येऊ दिले नाही; दूर आंब्याखाली उभा राहून त्याने धूर पाहिला. पुढे आम्ही सांत्वनास गेलो, तेव्हा त्याची चुलती म्हणाली, “तुमच्या देवाला माणूस लागत नाही का?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. वचन खरे होते, पण आम्ही ते चुकीच्या वेळी चुकीच्या दारास लाविले. मरणाऱ्या म्हाताऱ्याने मुलास पूजेसाठी बोलाविले नव्हते. तोंड पाहण्यासाठी बोलाविले होते. तट आम्ही बांधिला आणि त्यास आज्ञापालन असे नाव दिले. पुष्कळ वर्षांनी त्या चुलतीचे दुखणे आले, तेव्हा त्या तरुणाच्या बायकोने आम्हांस न विचारता जाऊन दोन आठवडे तिची सेवा केली. चुलती ख्रिस्ती झाली नाही. पण त्या घरचे लोक आता आमच्या हातचे पाणी पितात. आम्ही अडविलेली वाट त्या बाईने मोकळी केली.

तर मग नियम काय? वसईच्या आसपास, नायगाव व भाईंदरच्या बाजूस, मिठागरे आहेत. आगरी बांधव ती पिकवितात. पावसाळा सरला की बांध नीट करितात, उधाणाच्या भरतीस समुद्राचे पाणी आत घेतात, आणि मग तोंड बंद करितात. कोंडलेले पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरते, उन्हाने आटते, आणि शेवटी मीठ धरते. तोंड बंद केलेच नाही तर पाणी येते आणि जाते; मीठ होत नाही. आणि तयार झालेले मीठ आगरातच ढीग करून ठेविले, तर पहिल्या पावसाने वाहून जाते. मीठ वेगळेपणात तयार होते, पण ते दुसऱ्याच्या हांडीसाठी असते. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली, ती या मुलखातील मनुष्यास जितकी कळेल तितकी दुसऱ्या कोणास कळेल?

यावरून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. पहिली, उपासनेच्या कामी बांध पक्का असावा. आपण ज्यास देव मानितो त्याच्यावाचून कोणापुढे हात जोडू नये. आणि प्रार्थना, वचन, प्रभुभोजन यांसाठी लागणारा एकांत कोणाच्या भिडेखातर सोडू नये. दुसरी, दुःखाच्या कामी बांध असूच नये. आजार, बाळंतपण, मयत, जळालेले घर, बुडालेले पीक, तेथे ख्रिस्ती मनुष्याने बोलावण्याचीही वाट पाहू नये. तिसरी, या दोहोंच्या मध्ये जे पुष्कळ आहे, लग्न, मेजवानी, सण, तेथे पौलाने करिंथकरांस जे सांगितले त्याचा आधार घ्यावा. त्याच्या म्हणण्याचा भाव असा: कोणी जेवावयास बोलाविले तर जावे, ताटात पडेल ते कुरकुर न करिता खावे, पण हे मूर्तीस वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी थांबावे. नियम प्रत्येक गावी एकच पडणार नाही. नामानास अरामाच्या राजाबरोबर रिम्मोनाच्या देवळात जावे लागे, आणि त्याविषयी त्याने क्षमा मागितली, तेव्हा अलीशाने त्यास शांतीने जाण्यास सांगितले. संदेष्ट्याने त्या नव्या विश्वासणाऱ्याची अडचण ओळखिली. आम्ही पाळकांनी तेवढे तरी शिकावे.

कोणी म्हणेल, हे धोक्याचे आहे. दुबळा बंधू घसरेल. खरे आहे. लिंडिसफार्नला जाण्यासाठी १९५४ पासून मोटारीचा रस्ता झाला आहे, भरतीच्या वेळा लिहून लाविल्या आहेत, तरी वेळ चुकून मोटारी पाण्यात अडकतात. पण म्हणून कोणी तो रस्ता उखडीत नाही. वेळा पाहून जा, एवढेच सांगतात. दुबळ्या बंधूस एकटे पाठवू नये, कोणीतरी सोबत जावे. निघण्यापूर्वी प्रार्थना करावी. आणि परत आल्यावर त्यास चौकशीच्या डोळ्यांनी न पाहता भावाच्या डोळ्यांनी पाहावे. मंडळीच असे करील तर बंधू घसरणार नाही. ज्यास परत येण्यासाठी मायेचे घर असते, तो वाट चुकत नाही.

त्या उपदेशकास आम्ही सांगितले, “जा. चार दिवस अगोदरच जाऊन भावास मोकळेपणी सांग की पूजेस मी बसणार नाही, पण बाकी कोणतेही काम मला सांग. पाणी भर, पंगत वाढ, पाहुण्यांची ऊठबस कर. पूजेच्या वेळी आईजवळ बस. तोंड वाकडे करू नकोस.” तो गेला. भावाने त्यास कोठीचे काम दिले. तांदूळ-गूळ यांचा हिशेब दुसऱ्या कोणावर सोपविण्यास त्यास भरवसा वाटेना. लग्न शुक्रवारी झाले. शनिवारी पाहुण्यांच्या गडबडीत दिवस मावळला, तरी हा उपदेशक भांडी मोजीत बसला होता. तेव्हा त्याची म्हातारी आई जवळ येऊन म्हणाली, “अरे, उद्या तुमचा रविवार ना? तुझे लोक वाट पाहतील. नीघ आता. परत कधी येशील ते सांग.”

बंधुभगिनींनो, आईने त्यास जाण्याची वेळही सांगितली आणि परत येण्याचीही मागणी केली. देव आपणां सर्वांस असे जाणे आणि असे परत येणे देवो.